गाडी त्याच वळणावर पुन्हा पुन्हा उतरते? ठोकळ्यांच्या रेल्वेची तपासणी, सोप्यापासून अवघडापर्यंत

सरळ रुळावर गाडी झकास पळते आणि त्याच एका वळणावर तिसरा डबा आडवा होतो. उचलून परत रुळावर ठेवला की दोन फेऱ्या नीट होतात, तिसऱ्या फेरीला पुन्हा तेच. लेगो आणि त्याच्याशी जुळणाऱ्या वेगवेगळ्या ब्रँडचे ठोकळे, रूळ आणि मोटर एकत्र करून ज्यांनी शहर मांडलंय, त्यांच्यापैकी जवळजवळ प्रत्येकाला हे कधी ना कधी भोगावं लागतं. माझ्या मांडणीत आणि मित्रांच्या मांडण्यांत हा दोष मी इतक्या वेळा काढलाय की तपासणीचा एक क्रम ठरून गेलाय. त्यातली पहिली तीन-चार कामं फुकटची आहेत आणि बहुतेक गाड्या तिथेच बऱ्या होतात. म्हणून नवे रूळ किंवा नवी मोटर मागवायच्या आधी हे सगळं करून बघा.

लक्षणं

तुमच्या गाडीला नेमकं काय होतंय ते आधी ठरवा. "गाडी पडते" एवढ्यावरून काहीच कळत नाही.

- जागा एकच, पण दर वेळी वेगळा डबा उतरतो: दोष रुळात किंवा खालच्या पृष्ठभागात आहे.
- डबा एकच, पण दर वेळी वेगळ्या जागी उतरतो: दोष त्या डब्याच्या चाकांत, बोगीत (डब्याखाली फिरणाऱ्या चाकांच्या चौकटीत) किंवा कपलरमध्ये (दोन डबे जोडणाऱ्या भागात) आहे.
- मधला डबा वळणाच्या आतल्या बाजूला कलंडतो: मागच्या डब्यांची ओढ जास्त होतेय.
- डबा उतरत नाही, पण वळणात गाडी मंदावते आणि इंजिनाची चाकं जागच्या जागी फिरतात: घर्षण जास्त किंवा पकड कमी.
- फलाटाजवळ किंवा बोगद्याच्या तोंडाशीच अडते: डब्याचा कोपरा कुठेतरी घासतोय.
- सकाळी नीट चालते, दुपारी त्याच जागी उतरते: रूळ तापून वाढलेत. याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय, कारण हे पटकन कुणाच्या लक्षात येत नाही.
- गाडी मध्येच थांबते आणि हाताने ढकलली की परत चालू होते: विजेचा प्रश्न. रुळाला हात लावू नका, थेट बॅटरीकडे जा.

हे ठरवायला दहा फेऱ्या पुरतात. डब्यांवर कागदाच्या चिठ्ठ्या लावून नंबर द्या, रुळाच्या तुकड्यांनाही नंबर द्या, आणि प्रत्येक वेळी कुठला डबा कुठल्या तुकड्यावर उतरला ते लिहून ठेवा. मग डब्यांचा क्रम बदलून आणखी दहा फेऱ्या. हे कंटाळवाणं वाटतं, पण याच वीस फेऱ्यांनी माझे कित्येक तास वाचवलेत.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. डबा जिथे पडतो तिथे दोष बहुतेक वेळा नसतो. चाकाची कड आधीच्या एखाद्या जोडावर रुळावर चढते, तशीच घासत पुढे जाते, आणि वळणाचा ताण आला की चाक खाली येतं. आपण मात्र पडलेल्या जागेचे रूळ दाबत बसतो. मोबाईल रुळाच्या उंचीवर आडवा ठेवून स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा आणि पडायच्या आधीचे दोन तुकडे नीट बघा. चाक कुठे उचललं गेलं ते त्यात दिसतं.

पहिली तपासणी: खालचा पृष्ठभाग

सरळ रुळाचा एक तुकडा १६ स्टड (ठोकळ्यावरचे गोल उंचवटे) लांब असतो, म्हणजे १२८ मिलिमीटर. एका स्टडच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत ८ मिलिमीटर अंतर आणि प्लेटची, म्हणजे पातळ ठोकळ्याची, जाडी ३.२ मिलिमीटर, हे माप एकमेकांशी जुळणारे सगळेच ब्रँड पाळतात. जोडाखाली एक पातळ वायर किंवा एखादा सुटलेला छोटा ठोकळा आला तरी रूळ तेवढ्याच जागी वर उचलला जातो. चाकाची आतली कड दोन-अडीच मिलिमीटरच खाली उतरलेली असते. रूळ एक मिलिमीटरने वाकडा झाला, तर त्यातली बरीचशी पकड गेली.

जमिनीवर, गालिच्यावर किंवा दोन टेबलं जोडून मांडणी केली असेल तर आधी इथेच बघा. टेबलांच्या सांध्यावर पट्टी आडवी ठेवा. खालून प्रकाश दिसला तर दोष सापडला. कागदाच्या घड्या घालून टेबल समपातळीत आणा. मऊ गालिच्यावर गाडी चालवायची असेल तर खाली कडक बोर्ड टाकल्याशिवाय पुढच्या तपासण्या करण्यात अर्थ नाही, कारण गाडीच्या वजनाने रूळ दबतो आणि प्रत्येक फेरीला वेगळं चित्र दिसतं.

दुसरी: केस, धूळ आणि रबर

इंजिन उलटं करा. चाक आणि बोगीच्या मधल्या फटीत केस, धागे, गालिच्याचा भुसा गुंडाळलेला असतो. चिमट्याने काढा. मोटरच्या चाकांवर रबराची पातळ कडी असते, पकड तिच्यावरच अवलंबून असते. ती चकचकीत, कडक किंवा सैल झाली असेल तर बदला. हा सगळ्यात स्वस्त सुटा भाग आहे आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित.

रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल कापडावर घ्या, हलक्या हाताने फिरवा आणि वाळू द्या. नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही वापरू नका. त्यात बहुधा अॅसिटोन असतं आणि ठोकळ्यांचं एबीएस प्लास्टिक त्यात विरघळतं. गंज सोडवायचा स्प्रे किंवा घरातलं यंत्राचं तेलही नको. त्याने एबीएसला ताणाच्या जागी बारीक तडे जाऊ शकतात, आणि तेल रुळावर उतरलं की पकड गेलीच.

तिसरी: बॅटरी

ट्रिपल-ए आकाराचे सहा सेल घेणारा बॅटरी बॉक्स असेल तर साध्या अल्कलाइन सेलचे ९ व्होल्ट मिळतात. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल टाकले तर १.२ गुणिले सहा, म्हणजे ७.२ व्होल्ट. त्यामुळे रिचार्जेबल सेलवर गाडी थोडी मंद चालणं हा दोष नाही. दोष म्हणजे नवे आणि जुने सेल एकत्र टाकणं. सहातला एक कमजोर सेल वळणावर ताण वाढला की मान टाकतो आणि गाडी थांबते. सरळ रुळावर ताण कमी असल्याने तोच सेल धकून जातो आणि आपण वळणाला दोष देतो. सहाही सेल एकाच ब्रँडचे, एकाच दिवशी टाकलेले हवेत.

रिमोट इन्फ्रारेडवर चालणारा असेल तर खिडकीतून येणाऱ्या उन्हात त्याचा आदेश पोहोचत नाही, इंजिन बोगद्यात असतानाही नाही. गाडी ठरावीक जागीच ऐकत नसेल तर पडदा ओढून बघा.

चौथी: डबा कुठे घासतोय का

इथे थोडा हिशोब सांगतो, कारण शहर मांडताना हा माहीत असला की पुढची कितीतरी मोडतोड टळते.

नेहमीच्या वळणाची त्रिज्या ४० स्टड असते, म्हणजे ३२० मिलिमीटर, आणि असे १६ तुकडे जोडले की पूर्ण वर्तुळ होतं. समजा तुमचा डबा ३२ स्टड लांब आहे आणि दोन बोग्यांच्या खिळ्यांमधलं अंतर २० स्टड. वळणावर या डब्याचा मध्य आतल्या बाजूला १० मिलिमीटर सरकतो, आणि टोकं बाहेरच्या बाजूला १५ मिलिमीटर जातात. म्हणजे आत सव्वा स्टड, बाहेर जवळजवळ दोन. सरळ रुळावर मोजून बसवलेला फलाट वळणाच्या तोंडाशी डब्याला धडकतो तो यामुळे.

आणि अट फक्त वळणापुरती नाही. डब्याची पुढची बोगी वळणात आणि मागची सरळ रुळावर असतानाच डबा तिरका व्हायला लागतो. म्हणून वळणाच्या आधी निदान अर्धा डबा लांबीपर्यंत फलाट, सिग्नलचा खांब, दिव्याचा खांब, बोगद्याची भिंत मागे घ्या. तपासायचं कसं? सगळ्यात लांब डबा मोटरशिवाय हाताने हळूहळू सगळ्या मार्गावरून ढकला आणि त्याच्या कोपऱ्याखाली कागदाची पट्टी धरा. पट्टी जिथे अडकते तिथे ठोकळा हलवा. मी प्रत्येक नवी इमारत बसवल्यावर हे करतो, इमारत रुळापासून कितीही दूर वाटत असली तरी.

पाचवी: डब्यांचा क्रम आणि वजन

हलका डबा पुढे आणि जड डबा मागे असेल तर वळणात मागचं वजन हलक्या डब्याला आत ओढतं. दोरी ताणली की ती वळण सोडून सरळ होऊ बघते, तसं. जड डबे इंजिनाजवळ, हलके शेवटी. खऱ्या मालगाडीतही हा विचार असतो. डबा फारच हलका असेल तर त्याच्या तळाशी, शक्य तितकं खाली, वजन घाला. छतावर वजन टाकलं तर उलट कलंडतो. बॅटरी बॉक्स मोटरच्या बरोबर वर बसेल असं इंजिन बांधलं की चाकांवर वजन येतं आणि पकड वाढते. त्यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

सहावी: चाकं मोकळी फिरतात का

सरळ रुळाचे आठ तुकडे जोडा, लांबी एक मीटरच्या थोडी वर होते. एका टोकाखाली एकेक प्लेट वाढवत जा आणि डबा कधी घरंगळायला लागतो ते बघा. सगळे डबे असे तपासा. एखाद्या डब्याला इतरांपेक्षा दुप्पट प्लेट लागल्या तर तो तुमचा गुन्हेगार आहे. आकडा किती यापेक्षा डब्याडब्यांतला फरक बघा.

पर्यायी ब्रँडच्या चाकांत इथे खूप फरक असतो. काहींत धातूचा एक्सल प्लास्टिकच्या खोबणीत फिरतो, तो सहसा चांगला. काहींत प्लास्टिकचा एक्सल प्लास्टिकमध्ये फिरतो आणि साच्यातून निघताना राहिलेली पातळ कड खोबणीत घासते. ती कड धारदार ब्लेडने हळूच काढता येते. मग खोबणीत प्लास्टिकला चालणाऱ्या सिलिकॉन ग्रीसचा टाचणीच्या टोकावर मावेल एवढाच थेंब.

घर्षण वळणावरच का वाढतं, तेही सांगतो. दोन्ही चाकं एकाच एक्सलवर घट्ट बसलेली असतील तर ती सारख्याच वेगाने फिरतात, पण वळणाचा बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब असतो. दोन रुळांमध्ये मध्यापासून मध्यापर्यंत ४० मिलिमीटर अंतर धरा. पूर्ण वर्तुळात बाहेरच्या चाकाला सुमारे २५१ मिलिमीटर जास्त जावं लागतं, म्हणजे वळणाच्या प्रत्येक तुकड्यावर जवळजवळ १६ मिलिमीटर. तेवढं अंतर एखादं चाक घसरतंच. खऱ्या रेल्वेचं चाक किंचित शंकूसारखं असतं, त्यामुळे गाडी बाजूला सरकली की बाहेरच्या चाकाचा मोठा घेर रुळावर येतो आणि हा फरक भरून निघतो. आपल्या चाकांना ती सोय नाही. आठ डबे म्हणजे सोळा बोग्या, आणि सगळ्या घासतायत. म्हणून जे इंजिन सरळ रुळावर आठ डबे सहज ओढतं, ते वळणावर पाच डब्यांनीच थकतं. मोटर बिघडली असं समजू नका, तीन डबे कमी करून बघा.

सातवी: बोगी आणि कपलर

आपण बोलताना अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो. इथे मी डब्याखाली फिरणाऱ्या चाकांच्या चौकटीला बोगी म्हणतोय.

डबा हातात धरा आणि बोगी बोटाने फिरवा. सोडल्यावर ती कुठेही न अडकता फिरली पाहिजे आणि किंचित वरखालीही हलली पाहिजे. ते वरखाली हलणं फार गरजेचं आहे. रूळ कुठेच शंभर टक्के सपाट नसतो. बोगी डब्याला घट्ट आवळलेली असेल तर चारातलं एक चाक अधांतरी राहतं, आणि अधांतरी चाक वळणावर रुळावर चढतं. वेगळ्या ब्रँडची टर्नटेबल प्लेट (बोगी जिच्यावर फिरते ती गोल प्लेट) फार घट्ट बसत असेल तर ती बदलून साध्या टेक्निक पिनवर (भोकात बसणाऱ्या खिट्टीवर) बोगी टांगा. पिनही घट्ट असेल तर घर्षण नसलेली, गुळगुळीत जातीची घ्या. त्यांचा रंग सहसा वेगळा असतो.

कपलरमध्ये चुंबक असतो. दोन डबे जवळ आणल्यावर एकमेकांना ढकलत असतील तर ध्रुव उलटे आहेत. चुंबक काढता येत असेल तर फिरवा, नसेल तर डबा उलट तोंडाने जोडा. कपलर बोगीला लावलेला असेल तर वळणात बोगीबरोबर फिरतो, डब्याला लावलेला असेल तर टोकाबरोबर १५ मिलिमीटर बाहेर जातो आणि शेजारच्या डब्याला ओढतो. लांब डब्यांसाठी पहिलाच प्रकार वापरा. आणि चुंबक सुटून खाली पडला तर तो सापडेपर्यंत काम थांबवा. घरात लहान मूल असेल तर हे टाळून चालणार नाही. दोन चुंबक पोटात गेले की ते आतड्याच्या भिंतीला दोन बाजूंनी चिमटतात. तशी शंका जरी आली तरी वाट न बघता ताबडतोब रुग्णालयात न्या.

आठवी: वेगवेगळ्या ब्रँडचे जोड

लेगोने ठोकळ्याच्या या रूपाच्या पेटंटसाठी १९५८ मध्ये अर्ज केला. त्या पेटंटची मुदत कधीच संपली, आणि २०१० मध्ये युरोपियन न्यायालयाने ठोकळ्याच्या आकाराला ट्रेडमार्क म्हणून संरक्षण देता येणार नाही असा निकाल दिला. आज कोबी, ब्लूब्रिक्स, मोल्ड किंग अशा अनेक नावांचे ठोकळे एकमेकांवर बसतात ते त्यामुळे. रुळांचंही माप जुळतं. पण माप जुळणं वेगळं आणि जोडाचा घट्टपणा जुळणं वेगळं. रुळाच्या टोकाची खाच किती घट्ट असावी हे प्रत्येक कारखाना आपापलं ठरवतो.

बोटाचं नख रुळाच्या वरच्या कडेवरून जोड ओलांडून सरकवा, दोन्ही दिशांनी. नख अडकलं तर चाकही अडकतं. आतल्या बाजूनेही फिरवा, कारण चाकाची कड तिथून जाते आणि तिथली पायरी जास्त घातक. मग उपाय सोपा आहे: एका ब्रँडचे रूळ एकत्र ठेवा आणि ब्रँड बदलणारे जोड सरळ भागात, वळणापासून निदान दोन तुकडे लांब आणा. माझ्या अनुभवात मिश्र मांडणीतले निम्म्याहून जास्त दोष एवढ्यानेच गेलेत. जोड सैल असेल तर दोन्ही बाजूंचे स्लीपर (रुळाखालच्या आडव्या पट्ट्या) खालून एका प्लेटने एकत्र बांधा. रुळाची कड घासायची वेळ आलीच तर बारीक पॉलिश पेपर ओला करून घासा, म्हणजे प्लास्टिकची धूळ उडत नाही.

नववी: मांडणीचा आकार

डावं वळण संपताच उजवं सुरू होत असेल, तर एका डब्याचं टोक डावीकडे आणि पुढच्याचं उजवीकडे जातं आणि कपलर दोघांना तिरकं खेचतो. मध्ये निदान सर्वांत लांब डब्याएवढा सरळ रूळ घाला. पॉइंटच्या, म्हणजे रुळाला फाटा फुटतो त्या तुकड्याच्या, तोंडाशी हीच गोष्ट आपोआप घडते, म्हणून पॉइंटवर उतरणारी गाडी आधी हळू चालवून बघा आणि हलती पट्टी बाजूच्या रुळाला पूर्ण टेकते का ते तपासा. चढ असेल तर एका तुकड्याला एक प्लेट, म्हणजे २.५ टक्के. तुकड्याला अख्खा ठोकळा चढवला तर ७.५ टक्के होतात, आणि तो चढ वळणात असेल तर गाडी हमखास अडते.

जागा असेल तर मोठ्या त्रिज्येचे रूळ हा खरा इलाज आहे. ५६, ७२, ८८, १०४ स्टड अशा त्रिज्या पर्यायी ब्रँडमध्ये मिळतात. वर सांगितलेला १० मिलिमीटरचा सरक १०४ च्या वळणावर चार मिलिमीटरच्याही आत येतो. लांब, देखणे डबे बांधायची आवड असेल तर खर्च इथे करा.

आता दुपारचा दोष. एबीएस प्लास्टिक तापलं की वाढतं. दोन मीटर लांब सरळ रूळ पंधरा अंशांनी तापला तर तो दोन ते तीन मिलिमीटर लांब होतो. दोन्ही टोकं बोर्डाला पक्की असतील तर ती वाढ जाणार कुठे? रूळ मधेच बाजूला फुगतो, किंवा वळणाच्या पहिल्या जोडावर कोन तयार होतो. रूळ प्रत्येक स्लीपरला बेसप्लेटवर दाबून बसवायची सवय सोडा. दीड-दोन हातांवर एक जागा पक्की करा आणि बाकीचा रूळ मोकळा राहू द्या. खिडकीतलं ऊन थेट रुळावर येत असेल तर ते अडवा.

कुठे थांबायचं

इथपर्यंत सगळं करून एकच इंजिन अजूनही अडत असेल तर त्याची मोटर दुसऱ्या, ठीक चालणाऱ्या डब्याखाली लावून बघा. दोष मोटरबरोबर गेला तर ती बदला. बहुतेक रेल्वे मोटरी खोलायसाठी बनवलेल्या नसतात. आतले बारीक गिअर एकदा सुटले की पुन्हा जुळत नाहीत. तरी दुरुस्त करायचीच असेल तर इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणाऱ्याकडे द्या.

रिचार्जेबल लिथियम बॅटरी फुगली, हाताला चटका बसण्याइतकी तापली किंवा गोडसर, रासायनिक वास आला तर तिथेच थांबा. ती चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. जळण्यासारख्या वस्तूंपासून लांब ठेवा आणि ई-कचरा गोळा करणाऱ्यांना विचारून त्यांच्या स्वाधीन करा. शहराच्या दिव्यांसाठी भिंतीच्या प्लगवरचा अडॅप्टर वापरत असाल आणि तो करपल्यासारखा वास देत असेल, तर प्लगला हात लावण्याआधी खोलीचा स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. अडॅप्टर उघडून बघू नका.

आणि टेबलाची चौकटच पिळवटली असेल, म्हणजे एक कोपरा घड्या घालून उचलला की दुसरा खाली जात असेल, तर ते काम सुताराचं आहे. त्याला बोलावताना रूळ उचलून ठेवू नका. मांडणी आहे तशी दाखवा, गाडी चालवून दाखवा आणि ती दहा फेऱ्यांची यादी हातात द्या. कुठला पाय किती तासायचा हे त्याला त्यावरून लगेच कळतं.